ताटातलं नाव, तिकिटावरचं नाव

आमच्या खानदानात विमानात बसलेला पहिला माणूस मी. यात माझं कर्तृत्व काही नाही. अकोल्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवायचो, तिथून कोणाला तरी दिल्लीला एका शिबिराला पाठवायचं होतं आणि बाकी सगळ्यांच्या घरी त्या आठवड्यात लग्नं होती. मी खिडकीशी बसून ढगांचे प्रकार ओळखायचा प्रयत्न केला. वर्गात फळ्यावर मी ते दरवर्षी काढून दाखवत असे. वर एकही ओळखता आला नाही. तरी परत आलो तो तज्ज्ञ होऊनच.

मग लग्नाकार्यात लोक मला बाजूला घेऊन विचारायचे. पट्टा खरंच बांधावा लागते काय? कानात कापूस घातला तं चालते काय? मी आवाज खाली आणून उत्तरं द्यायचो, डॉक्टर देतात तशी. भूगोल शिकवतो म्हणजे याला वरचं-खालचं सगळं ठाऊक असणार, असाही एक समज होता. तो मी कधी दूर केला नाही. माणसाला घरात किंमत असायची आणखी कारणं फारशी नव्हती.

ती वर्षं वऱ्हाडासाठी बरी नव्हती. वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर आमच्याच भागातली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची गावं असायची. बाहेरचे पत्रकार जीपगाड्या करून फिरायचे, अमरावतीच्या लॉजमध्ये खोली मिळायची नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत स्वस्त विमानं निघाली होती. एकाच पानावर वर ती बातमी आणि खाली आकाशाकडे बोट दाखवणाऱ्या हसऱ्या बाईची जाहिरात. आम्ही दोन्ही वाचायचो आणि घडी घालून पेपर रद्दीत टाकायचो.

अशात बंगलोरहून फोन आला. माझी काकू अमरावतीला राहायची. तिची मोठी बहीण मुलाकडे बंगलोरला होती. तिला लकवा मारला होता. डावी बाजू गेली होती, बोलणं अर्धंमुर्धं उरलं होतं, आणि त्या उरलेल्या बोलण्यात ती दिवसभर काकूचीच चौकशी करत होती. तिच्या मुलानं स्वच्छच सांगितलं, "मावशीला आणता आलं तर आत्ताच आणा. डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत."

या दोघींची आई लवकर गेली होती. काकूच्या वेण्या घालण्यापासून तिला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं या बहिणीनं केलेलं. दोघींची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. काकूला मणक्याचं दुखणं होतं, इतका लांबचा रेल्वेचा प्रवास डॉक्टरांनी तिला बंदच केला होता. तेव्हा विमान. आणि विमान म्हटल्यावर मी.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुतण्यांवरच त्यांचा हक्क होता, आणि पुतण्यांत मी सगळ्यात हाताशी असलेला. काकांनी अकोल्याला फोन करून हुकूम सोडला, "तिची गाडी पाहून टाक." विमानाला ते शेवटपर्यंत गाडीच म्हणत.

अकोल्यात जठारपेठेत तेव्हा एक इंटरनेट कॅफे होता, लाकडी खोक्यांत पोरं बसलेली असायची. मी तिथं बसून नागपूर ते बंगलोर असं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. जाणं शुक्रवारचं. पडद्यावर प्रवाशाचं नाव विचारलं. मी टाकलं. पहिल्यांदा काकूचं नाव, मग आमचं आडनाव. यात विचार करण्यासारखं काय होतं? तेच नाव आमच्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांत 'आपले नम्र' मध्ये छापलेलं. तेच काकूच्या घरच्या स्टीलच्या गंजांवर अन् परातींवर कोरलेलं. आत्या, मामा, शेजारपाजार सगळे त्याच नावाला पुढे 'ताई' नाहीतर 'वहिनी' लावायचे. तिकिटाचा कागद मी दोन प्रतींत छापून घेतला, कारण तज्ज्ञ माणूस एका प्रतीवर अवलंबून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन अमरावतीला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण शाबासकी समक्ष घ्यायची होती.

काका एस.टी.त कंडक्टर होते. अमरावती डेपोत सगळी नोकरी, त्यातली बरीच वर्षं धारणीच्या गाडीवर. घाटातल्या वळणावर उभं राहून, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं तिकीट फाडायचं त्यांचं कसब. निवृत्त होऊनही कोणताही कागद हातात आला की ते आधी उलटा करून मागची बाजू बघत. माझा कागद त्यांनी तसाच पाहिला.

"याले पंच कुठं मारतेत?"

"पंच नाही मारत, काका. नाव पाहतात."

"नाव? नाव कायले? मानूस चढला, जागेवर बसला, झालं." ते चष्मा वर करून वाचू लागले. "म्या आख्ख्या नोकरीत येकाबी तिकिटावर कोनाचं नाव नाही लिवलं. तरी धारनीले सारे बराबर उतरले."

"विमानात तसं नसते."

"म्हनूनच पडतेत," काका म्हणाले.

काकू चहा घेऊन आली. तिनं कागद हातात घेतला नाही, दुरूनच वाकून पाहिला आणि विचारलं, "आनखी काय लागते तिथं?"

"फोटोचं ओळखपत्र. मतदानाचं असेल ना?"

ती आत गेली. आलमारीतून पत्र्याचा डबा काढला, बांगड्यांच्या खालून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्या कार्डांवरचे फोटो सगळ्यांचेच सारखे, म्हणजे कोणाचेच नसल्यासारखे. त्यामुळे फोटोवर मी वेळ घालवला नाही. नाव वाचलं. नवऱ्याचं नाव, आडनाव बरोबर. पण त्यांच्या पुढे जे पहिलं नाव होतं, ते मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

"काकू, हे कोणाचं उचललं?"

"कोनाचं म्हंजे? माहंच हाये."

काकांनी माझ्या हातून कार्ड घेतलं, आधी मागची बाजू पाहिली, मग पुढची. बराच वेळ पुढची.

"हे कोन व्हय?" ते म्हणाले.

"मी," काकू म्हणाली.

आता यात कोणाला नवल वाटायचं कारण नाही. सून घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं, साखर वाटायची, आणि त्या घटकेपासून पोरगी त्या नावाची. आमच्या घरात सगळ्या सुनांचं तसंच झालं. माझ्या आईचंही. फरक इतकाच की आईचं माहेरचं नाव आम्हाला माहीत होतं, मामा त्यानंच हाक मारायचा. काकूच्या माहेरचं कोणी येत नसे. त्यामुळे तिला आधी काही नाव असेल असा संशयच आम्हाला कधी आला नाही. जणू ती त्या ताटातूनच उगवली.

"पन कार्डावर हे आलं कसं?" काकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. पंच न मारलेलं तिकीट सापडल्यावर चौकशी करावी, तसा होता.

"तुमी धारनीले होते. यादीवाला मास्तर आला, उंबऱ्यात बसला. म्हने, घरधन्याचं नाव सांगा. आता तुमचं नाव मी घेऊ काय? मी दारावरची पाटी दाखोली. त्यानं लिवलं. मंग म्हने, तुमचं? माहं तं पाटीवर नव्हतं." काकूनं कपात चहा ओतला. "त्यानं नाव इचारलं. मी नाव सांगतलं."

"अवं, पन घरातलं सांगाचं ना!"

"त्यानं घरातलं का बाहेरलं असं इचारलं नाही."

मी मध्ये पडलो. "आणि इतक्या निवडणुका झाल्या, काका, तिथं तर नाव मोठ्यानं वाचतात. तुम्हाला कधी ऐकू नाही आलं?"

उत्तर काकूनं दिलं. "निवडनुकीच्या दिवशी हे कवा घरी होते? साऱ्या गाड्या पेट्या न्याले जात. मी आपली एकटीच जाऊन मत टाकून येऊ." मग तिनं बशी पुढे सरकवली. "तिथला मास्तर चांगला खणखणीत वाचे."

म्हणजे इतकी वर्षं, निवडणुकीपुरती का होईना, काकू शाळेच्या खोलीत जाऊन आपलं नाव ऐकून येत होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी तिकिटाच्या काळजीत होतो. कागदावर एक बाई होती, कार्डावर दुसरी, आणि शुक्रवारी विमानतळाच्या दारातून आत जाणार होती तिसरीच, जी दोन्ही होती. दारातला जवान तिला सोडणार नव्हता आणि बंगलोरला ताई वाट पाहत होती.

मी खिशातून मोबाइल काढून कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड पोरगी आली.

"सर, नाम में करेक्शन हो जाएगा. कौनसा अक्षर गलत है?"

"सगळे," मी म्हणालो आणि मग हिंदीत आलो. "मतलब, पूरा नामही दूसरा है."

"सर, पैसेंजर चेंज नहीं हो सकता."

"पैसेंजर वही है, मॅडम. बाई एकही है. नाम दो है."

"कैसे सर?"

आता हे कसं सांगायचं? मी वर्गात मोसमी वारे समजावून सांगतो त्या पद्धतीनं सुरुवात केली. हमारे यहाँ शादी के बाद, थाली में चावल डालके, उसमें अंगूठी से...

"सर, मील की बुकिंग अलग से होती है," पोरगी म्हणाली.

काका शेजारून म्हणाले, "काय म्हनते?"

"जेवण वेगळं घ्यावं लागेल म्हणते."

"तिले म्हना, डबा देऊन राह्यलो."

शेवटी पोरगीनं मला तिच्या वरिष्ठाकडे दिलं. तो शांतपणे म्हणाला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र फॅक्सनं पाठवा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा, आम्ही पाहून कळवू. पाहायला वेळ लागेल. शुक्रवार जमणार नाही, सोमवारचं करून ठेवू का?

मी फोनवर हात ठेवून काकूकडे पाहिलं. ती उभीच होती.

"सोमवार म्हणतात."

"तवापर्यंत ताई..." एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "सोमवार तं सोमवार. पन पक्कं सोमवार म्हना."

संध्याकाळी बंगलोरला फोन केला तेव्हा भाच्यानं फोन आईच्या कानाशी धरला. काकू या बाजूनं नुसतं "येते वं ताई, येते, दम धर" म्हणत होती. तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकूनं फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. "इचारते, कोठं अडली म्हने. आता काय सांगू तिले, कोठं अडली ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीच्या आवारात गेलो. कडुनिंबाखाली टंकलेखकांची रांग असायची, स्टुलावर यंत्र आणि वर प्लास्टिकचा कागद. त्या वर्षांत तिथं जत्रा भरलेली असे. सरकारी मदतीचे कागद, वारसाचे कागद, आणि प्रत्येक कागदाला चिकटवायला आणखी एक कागद. आम्ही ज्याच्यापुढे बसलो त्याला मी दोन नावांची भानगड समजावून सांगायला लागलो, तर त्यानं हात वर केला.

"सर, समजलं. दिवसभर हेच करून राह्यलो. साऱ्या बायांचे दोन दोन नावं." त्यानं कागद यंत्रात सरकवला. मजकूर त्याला पाठ होता, फक्त जागा भरायच्या होत्या. "सांगा. खरं नाव कोनतं अन् उर्फ कोनतं?"

काका आणि काकू एकदम बोलले. काका म्हणाले ताटातलं, काकू म्हणाली कार्डावरचं.

टंकलेखकानं बोटं उचलून धरली. "येक सांगा."

"अवं, सारं खानदान तुले त्या नावानं वळखते," काका म्हणाले. "भांड्याकुंड्यावर तेच हाये. दुसरं उर्फ लिवलं तं काय बिघडते?"

"भांड्याले जायाचं हाये काय बंगलोरले?"

"मुद्द्याचं बोल."

"मुद्द्याचंच बोलून राह्यली. ताई वाट पाहून राह्यली ते माही. तुमच्या ताटातलीची नाही. तिले त्या नावाची बाई मालूमबी नाही."

"पन नाव मी ठेवलं होतं!" काका जरा जोरात म्हणाले. रांगेतले लोक बघायला लागले.

"ठेवलं," काकू म्हणाली. "मंग येकदा तरी हाक मारली काय त्या नावानं?"

काका आठवायला लागले. मीही आठवून पाहिलं. 'अवं' म्हणत, 'आयकलं काय' म्हणत, फार घाई असली तर नुसतं खाकरत. आमच्या घरात कोणताच पुरुष बायकोला नावानं हाक मारत नसे, तेव्हा यात काकांचं एकट्याचं काही नव्हतं. पण रांगेत उभं राहून ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी भूगोलाचा माणूस, इतिहासात पडत नाही.

आमच्या मागे एक बाई होती, तिशीची असेल. हातात पिशवी, पिशवीत कागद. ती कोणाची कोण ते आम्ही विचारलं नाही, मोकळं कपाळ दिसत होतं. ती म्हणाली, "माहंबी तसंच झालं. कागदावर सासरचं, बँकेत माहेरचं. दोनदा वापस पाठवलं."

काकूनं वळून तिच्याकडे पाहिलं. "तुले कोनतं आवडते?"

"ज्यानं काम होईन ते," बाई म्हणाली.

टंकलेखकानं काकांकडे पाहून हळूच म्हटलं, "बाबा, लवकर करा. इचा नंबर हाये."

काका उठले, नळावर गेले, पाणी प्यायले, परत आले. आले ते थेट टंकलेखकाशी बोलले, आमच्याकडे न बघता. "लिवा. कार्डावरचं पयले. मंग उर्फ." आणि मग, कोणीही कारण विचारलेलं नसताना, "गाडीत आधी पॅसिंजर चढते. तिकीट मागून फाडतेत."

टंकलेखकानं खटाखट कागद पूर्ण केला. आत वकिलानं न वाचता सही केली, लाल शिक्का मारला. काकूनं मात्र खाली बसून सावकाश वाचला, ओठ हलवत. सही करायची वेळ आली तेव्हा तिनं पेन घेऊन दोन्ही नावांची वेगवेगळी सही केली. पहिली सही भरभर झाली. दुसरीला ती जरा थांबली, त्या नावाची सही तिनं रेशनच्या दुकानाशिवाय कुठं केलीच नव्हती.

फॅक्सच्या दुकानातून कागद गेला. मध्ये वीज गेली, अर्धाच गेला, पुन्हा पाठवला. शनिवारभर मी त्या क्रमांकाला फोन करत राहिलो आणि दर वेळी नवी पोरगी लागायची आणि दर वेळी मी ताट, तांदूळ, अंगठी सगळं पहिल्यापासून सांगायचो. माझी हिंदी त्या दिवसात बरीच सुधारली. रविवारी दुपारी नवं तिकीट आलं. मी ते छापलं, या वेळी एकाच प्रतीत, आणि कार्डाच्या शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

सोमवारी भाड्याची जीप करून आम्ही तिला नागपूरला नेलं. विमानतळाच्या दारात जवान उभा होता. त्यानं कागद घेतला, कार्ड घेतलं, काकूच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाव मोठ्यानं वाचलं. पूर्ण, आडनावासकट.

"हौ," काकू म्हणाली. मराठी शाळेत हजेरीला म्हणतात तसं. आणि आत गेली.

काका कठड्याशी उभे होते. आत जाता येत नव्हतं, तिकीट नव्हतं. ती सामानाच्या यंत्राशी पोचेपर्यंत ते बघत राहिले.

"नाव तुम्हीच निवडलं होतं काय, काका?" परतताना जीपमध्ये मी विचारलं. "ताटातलं?"

"माह्या बह्यनीनं सांगतलं होतं. ते आपल्या घरात शोभते म्हने. मी आंगठी फिरवली." तिवसा गाव मागे पडल्यावर त्यांना आणखी काही आठवलं. "तांदूळ मोटे होते. अक्षर बराबर उमटलं नाही. लोकाईनं अंदाजानं वाचलं."

काकू पोचल्याचा फोन रात्रीपर्यंत आला. ताईनं तिला पाहिलं, वाकड्या झालेल्या तोंडानं तिचं नाव घेतलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली ते, "इतकी वाळली काहून?" लकवा मारलेल्या माणसाकडून हे ऐकून काकूला फार हसू आल्याचं तिनं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता काम झालं.

परतीचं तिकीट पंधरवड्यानंतरचं होतं. ते जवळ आलं तेव्हा तिचा फोन आला की ताई आता शिरा खाते, माझ्याच हातून खाते, तारीख जरा पुढं घेता येते काय? मी फोन लावला, पुढं घेतली. ती तारीख आली तेव्हा पुन्हा फोन. ताई भिंतीला धरून बसते, लहानपणच्या भांडणांचा हिशेब काढते, अन् सारी चूक माहीच निघते. पुन्हा पुढं घेतली. मग पुन्हा. कंपनीतल्या पोरी बदलत होत्या, पण संगीत तेच होतं, ते मला गुणगुणता यायला लागलं. तास संपवून शिक्षकखोलीत मी ते गुणगुणायचो आणि सहकारी विचारायचे, कोणत्या पिक्चरचं?

काका अमरावतीला एकटे होते. दर बदलानंतर मी त्यांना कळवायचो.

"काय म्हनते गाडी?"

"पुढं गेली, काका."

"जाऊ दे. वरन जमून राह्यलं मले आता. भात चिकट होते, पन पोटात तं जाऊनच सारखा होते ना." आणि मग, "ती काय म्हनते?"

"बरी आहे. ताईही बऱ्या आहेत."

"मंग ठीक हाये."

शेवटची तारीख आम्ही सरळ दिवाळीच्या जवळची घेतली होती, सारखं सारखं नको म्हणून. तिला अजून बराच अवकाश होता तेव्हा एका सकाळी काकूचा फोन आला. मी वर्गात होतो. बाहेर व्हरांड्यात आलो.

"बाबू," ती म्हणाली, "तारीख अलीकडं घे आता."

मी वर्गाचं दार ओढून घेतलं.

"काल. झोपेतच. रात्री माहं नाव घेऊन पानी मागतलं, पानी पाजलं, झोपली." तिचा आवाज सरळ होता. "तेरवी झाली का निघते. तवाचं पाह्य."

आत पोरांचा गोंगाट वाढला होता. मी तिथंच व्हरांड्यात कंपनीला फोन लावला. संगीत पूर्ण ऐकलं. पोरगीनं तिकिटाचा क्रमांक घेतला, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि म्हणाली, "सर, इस टिकट में डेट हर बार आगे गया है. इस बार पीछे लेना है?"

"हाँ."

"आगे की तारीख में सीटें खाली हैं, सर. अभी वाली में कम हैं."

"आगे की नहीं चाहिए अब," मी म्हणालो.

तिनं प्रवाशाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं पुन्हा म्हणून दाखवलं, बरोबर होतं. जागा मिळाली.

मग काकांना फोन केला. त्यांना भाच्यानं आधीच कळवलं होतं. मी तारीख सांगितली, ती त्यांनी पुटपुटत लिहून घेतली.

"तिले इचारलं काय?" ते म्हणाले. "आनखी थांबाचं असंन तं थांबू दे म्हना. माहं चालून राह्यलं."

"विचारलं, काका. नाही म्हणाली."

"बरं," काका म्हणाले. आणि मग तेरवीला काय काय लागतं, ते तिकडे बंगलोरले मिळते काय, केळीचे पानं असतेत काय, हे एक एक करून विचारत राहिले. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी मी सांगत राहिलो, मिळते, काका. सारं मिळते तिकडे.